परवाना आणि विवेक

"सरकारचा परवाना आहे व पिणारे पर्यटक आहेत, मग लोणावळ्यास मद्य विकण्यात पाप ते कोणते?" असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर हे की, इ. स. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारूचे परवाने दिले. १९४९ च्या कायद्याने दारूबंदी केली. पुढे त्याच कायद्याखाली परवाने पुन्हा मिळू लागले. कायदा पालटला, पण मद्याचा गुण पालटला नाही. शिवाय पर्यटकासाठी उघडलेल्या दारातून मावळचा मजूरही आत जातो, आणि त्याच्या घरची चूल विझते. परवान्याने राजदंड टळेल. परंतु दुर्बळ बंधूस अडखळविल्याचा जाब देवासमोर द्यावयाचा आहे. प्रियहो, तेथे आपण कोणता परवाना दाखविणार?