एकंदरीत लाभ, पण कोणाचा?

अर्थशास्त्राच्या ग्रंथांत 'एकंदरीत' या शब्दाइतका निरुपद्रवी दिसणारा शब्द दुसरा नसेल. नवे यंत्र आले किंवा परदेशी माल स्वस्त झाला, की शास्त्रज्ञ हिशेब मांडून सांगतात, की काही थोड्यांचे नुकसान झाले तरी एकंदरीत समाजाचा लाभच झाला. आम्हीही पंचवीस वर्षे वर्गात हेच शिकवीत आलो. त्यात काही उणे आहे, अशी शंका आम्हांस कधी आली नव्हती; ती एका जुन्या विद्यार्थ्याने आणून दिली.

हा विद्यार्थी आमच्याच कोपरीत राहतो. परदेशी ग्राहकांच्या तक्रारींना लेखी उत्तरे देण्याची नोकरी त्याने बारा वर्षे केली. शेवटच्या वर्षी त्याच्याकडे निराळेच काम आले. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली उत्तरे तपासावयाची व चुकली असतील तेथे सुधारावयाची. यंत्राच्या चुका कमी झाल्या, आणि त्याची नोकरी गेली. जुनी कामे जातात, नवी येतात, एकंदरीत देशाचे उत्पन्न वाढते, असे आम्ही त्याचे समाधान करू लागलो. तो शांतपणे म्हणाला, "सर, आपण हे वर्गातही सांगितले होते, आणि परीक्षेत तेच लिहून मी गुण मिळविले होते. पण त्या हिशेबात माझ्या घराचा हप्ता कोणत्या ओळीत येतो?" आम्हांस उत्तर सुचले नाही.

यावर कोणी म्हणेल, की असे अश्रू पाहत बसले तर सुधारणा व्हावयाची कशी? १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, तेव्हा गाडीवानांच्या व खाडीतील पडाववाल्यांच्या धंद्यास धक्का बसलाच असला पाहिजे. म्हणून ती गाडी यावयास नको होती, असे आज कोण म्हणेल? आम्हीही म्हणत नाही. कोपरीतला मनुष्य तर मुळीच म्हणणार नाही. परंतु गाडी यावी की न यावी हा एक प्रश्न, आणि तिची किंमत कोणी द्यावी हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा सुटत नाही.

शास्त्रकारांना हे सुचले नव्हते असेही नाही. यंत्रांमुळे सर्वांचेच हित होते हे आपले पूर्वीचे मत चुकले, मजुरांची भीती केवळ अज्ञानाची नव्हे, असे रिकार्डोने १८२१ साली आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत नवे प्रकरण घालून कबूल केले. पुढे १९३९ साली काल्डॉर व हिक्स यांनी एक कसोटी मांडली. ज्यांचा लाभ झाला ते, ज्यांची हानी झाली त्यांना भरपाई देऊनही फायद्यात राहू शकत असतील, तर तो बदल हितकर समजावा. भरपाई प्रत्यक्ष दिलीच पाहिजे असे नाही. 'देऊ शकतात' आणि 'देतात' या दोहोंतील अंतरातच, आमच्या मते, सारा नीतीचा प्रश्न आहे. फेडण्याची ऐपत आहे एवढ्यावरून कर्ज फिटले, असे व्यवहारात कोणी मानीत नाही.

हे अंतर मुंबईने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. भरपाईची ऐपत नव्हती काय? ती जमिनीतच होती. १९९१ च्या नियमाने त्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी व उरलेला मालकास, अशी वाटणी ठरली. २००१ साली नियम बदलून ही वाटणी आधीच मोकळ्या असलेल्या भूभागापुरती आकुंचित करण्यात आली, व २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. शहर एकंदरीत श्रीमंत झाले. कामगारांसाठी घरांच्या सोडती निघाल्या त्या २०१२ साली, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी.

आता पाळी लेखणीवर जगणाऱ्या मध्यम वर्गाची आहे. जगातील सुमारे शेकडा ४० नोकऱ्यांना या नव्या बुद्धिमत्तेचा स्पर्श होईल, असे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२४ मध्ये म्हटले. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर शेकडा ५० पर्यंत जकात बसविली, तेव्हाही चर्चा झाली ती राष्ट्रीय उत्पन्न किती दशांशाने घटेल याची. ज्या कारागिराचे काम सुटते त्याच्या वाट्यास दशांश येत नाही, पूर्णांकच येतो. आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. त्याने सुधारलेल्या उत्तरांवरच ते यंत्र तयार झाले. गिरणीची जमीन निदान कामगाराच्या मालकीची नव्हती; येथे भांडवलाचा एक भाग त्याचाच होता.

इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांना व काळांना सारखेच लागू नाहीत, असे न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सांगितले. त्याला आम्ही नम्रपणे एवढेच जोडू, की ते सर्व घरांनाही सारखे लागू नाहीत. 'एकंदरीत लाभ' असे जो लिहील, त्याने खाली आणखी दोन ओळी लिहाव्या: हानी कोणाची, आणि ती कोण, केव्हा भरून देणार. ही दुसरी ओळ कोरी असेल, तर आपण दुसऱ्याच्या खिशातून उदार झालो आहोत, हे त्याने ओळखावे.

विद्यार्थ्याचा हप्ता कोणत्या ओळीत येतो, हे आम्ही त्याला अजूनही सांगू शकलेलो नाही. यंदा वर्गात काल्डॉरची कसोटी शिकविताना मात्र आम्ही तो प्रश्न फळ्यावर लिहिला, आणि त्या दिवशी धडा तेथेच थांबविला.