दर्यातला वाटा

समुद्रातला मासा संपू शकतो, हे माणसाला फार उशिरा पटलं. 1609 मध्ये ह्यूगो ग्रोशियस या डच कायदेपंडिताने समुद्र सर्वांना खुला असावा असं मांडलं, तेव्हा त्याचा एक आधारच हा होता की कितीही वापरला तरी समुद्र सरत नाही. 1883 साली लंडनच्या मत्स्य प्रदर्शनात थॉमस हक्स्लेसारखा नामांकित जीवशास्त्रज्ञ म्हणाला की कॉड, हेरिंग यांसारखी मोठी मासेमारी बहुधा कधीच आटणार नाही. आज त्याला हसणं सोपं आहे. पण शिडाच्या होड्या आणि हाताने ओढायची जाळी यांनी दर्या रिकामा करणं तेव्हा खरोखरच कठीण होतं.

आपल्याकडे ते सोपं होऊ लागलं स्वातंत्र्यानंतर. देशाला अन्न हवं होतं, परकीय चलनही हवं होतं. केरळात 1950 च्या दशकात नॉर्वेच्या मदतीने यांत्रिक नौकांचा प्रकल्प उभा राहिला, कोळंबीला जपान-अमेरिकेत गिऱ्हाईक मिळालं आणि बघता बघता तळ खरवडत जाळं ओढणारे ट्रॉलर सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर आले. सरकारी नजरेत समुद्र म्हणजे अजून नांगर न लागलेलं शेत होतं. यंत्र लावा, उत्पन्न वाढवा! त्या उत्पन्नातलं कोणाच्या पदरात किती पडणार, हे मात्र कोणी विचारत नव्हतं.

किनाऱ्यावर त्याचं उत्तर आधीपासूनच होतं. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या रापणीत होडी जाळं सोडत अर्धवर्तुळ मारते, दोन्ही टोकांचे दोर पुळणीवर येतात आणि माणसं दोन रांगांत ते ओढत मागे सरकत राहतात. जाळं उथळ पाण्यात आलं की बांगडे, तारल्या, पेडवे चमकू लागतात. मग वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या हातांचा वाटा. हे काही रामराज्य नव्हतं. त्यातही मानपान होते, भांडणं होती. पण मासा किनाऱ्याजवळ आला तरच रापण चालते. जवळचं पाणी यंत्राने खरवडलं गेलं तर पहिला फटका तिलाच.

तो बसलाच. 1970 च्या दशकात गोव्याचे रापणकार ट्रॉलरविरुद्ध उभे राहिले. माथानी साल्ढाणा हे त्या लढ्याचं ठळक नाव. 1980 मध्ये गोव्यात आणि 1981 मध्ये महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. किनाऱ्यालगतचा पट्टा लहान मच्छीमारासाठी राखावा, हा विचार कायद्यात शिरला तो असा, भांडणातून. परिषदा आणि अहवाल नंतरचे.

कायद्यांपाठोपाठ 1987 मध्ये मालवणच्या समुद्रात 29.12 चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. किनाऱ्यावरच्यांना विश्वासात न घेता आखलेल्या या रेषेला गावांनी विरोध केला आणि अभयारण्य बराच काळ कागदावरच राहिलं.

2012 च्या रिओ परिषदेत छोट्या बेटांच्या देशांनी नील अर्थव्यवस्थेचा, म्हणजे समुद्राची संपत्ती टिकवून वापरण्याचा, आग्रह धरला, त्याच सुमारास सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साथीने सागरी जैवविविधता जपण्याचा एक प्रकल्प चालू होता. त्याचं काम बारीकसारीक होतं, आणि म्हणूनच शिकण्यासारखं. ट्रॉलच्या शेपटाकडच्या पिशवीला चौकोनी आसाची (छिद्रांची) जाळी लावायची, हे त्यातलं एक. नेहमीच्या जाळ्याचे आस ताण पडला की मिटतात. चौकोनी आस उघडे राहतात आणि पिल्लं निसटतात. दुसरं उदाहरण वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतलं. तिथे स्वामिनी बचत गटाच्या बायका पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. त्यांच्यापुरतं तरी उभ्या तिवराला सरपणापेक्षा जास्त मोल आलं.

डिसेंबर 2018 मध्ये राज्याने आणखी एक पाऊल टाकलं. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमासा यांसारखा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याचं ठरलं. न पकडलेल्याचेही पैसे! हक्स्लेच्या काळात हे कोणाच्या ध्यानीमनीही आलं नसतं.

नियम होतात तसे मोडलेही जातात. माशांच्या थव्याला वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर 2016 मध्ये राज्याने मर्यादा घातल्या, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर 2017 मध्ये केंद्राने बंदी आणली. तरी कारवाई होत नाही ही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार संपलेली नाही. गस्त घालणारेच अपुरे असतील तर चांगल्यातला चांगला कायदाही बंदरावरच नांगरून पडतो.

आता नील अर्थव्यवस्थेचा विचार एका अवघड वळणावर आला आहे. तिच्यासाठीच्या 2020 च्या केंद्रीय धोरणाच्या मसुद्याने मासेमारी, पर्यटन, बंदरं आणि खोल समुद्रातली खनिजं यांना एकाच छत्राखाली आणलं. पालघरचं वाढवण बंदर त्याच छत्राखाली येतं. 1998 मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने तिथल्या बंदराला नकार दिला होता. 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून वाट मोकळी केली. 2024 मध्ये मंजूर झालेल्या या प्रकल्पाचा खर्च सुमारे 76,000 कोटी रुपये आहे, आणि त्यासाठी समुद्रात 1,448 हेक्टर भराव होणार आहे. माशांच्या प्रजननाची जागाच जाणार, असं तिथल्या मच्छीमारांचं म्हणणं आहे. अशा ठिकाणी भरपाईची बोलणी सहसा नौकेच्या नोंदणीपासून सुरू होतात. बांबूंवर बोंबील वाळत घालणाऱ्या, पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या, खडकातून कालवं काढणाऱ्या बायकांची कमाई कुठल्याच परवान्यावर दिसत नाही. तिचा आकडा मांडल्याखेरीज वाढवणचा नफातोटा कोणी सांगितला, तर तो अर्धाच हिशेब ठरेल.