प्रार्थनेने कोण बदलतो?



घरभेटीला गेलो की आम्हां धर्मगुरूंना एक प्रश्न हमखास ऐकायला मिळतो. ‘फादर, इतकी वर्षे रोझरी म्हणते, नोव्हेना केल्या, पण घरातला माणूस काही दारू सोडत नाही. देवाला सगळे ठाऊक आहे, तर मग मागायचे तरी कशाला?’ हा प्रश्न अश्रद्धेतून येत नाही, थकव्यातून येतो. म्हणून त्याला वरवरचे उत्तर देऊन चालत नाही.

आपण मागण्याआधीच आपल्या गरजा पित्याला ठाऊक असतात, असे प्रभू येशूने स्वतःच सांगितले आणि लगेच शिष्यांना प्रार्थना करायलाही शिकवले. म्हणजे प्रार्थना ही देवाला दिलेली खबर नव्हे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ह्या कोड्यावर विचार केला. त्यांचे म्हणणे असे की, आपण देवाचा बेत बदलावा म्हणून प्रार्थना करीत नाही; जे आपल्या प्रार्थनेच्या वाटेनेच द्यायचे देवाने ठरवले आहे, ते मिळावे म्हणून करतो. पीक देवच देतो, पण म्हणून कोणी शेतकरी पेरणी सोडून ओट्यावर बसत नाही. पेरणीसुद्धा देवाच्याच योजनेत असते. फरक इतकाच की प्रार्थनेचे बी सर्वांत आधी प्रार्थना करणाऱ्याच्याच मनात रुजते.

आयर्लंडमधील डब्लिन शहरातल्या मॅट टॅल्बटची गोष्ट पाहा. त्याचा जन्म 1856 सालचा. घर गरीब, भावंडे पुष्कळ. बाराव्या वर्षी तो एका दारूच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागला आणि तिथेच पिऊ लागला. पुढे मजुरीचा पैसा सगळा गुत्त्यात जाऊ लागला. एकदा तर रस्त्यावर व्हायोलिन वाजवून पोट भरणाऱ्या एका माणसाचे व्हायोलिन चोरून त्याने त्याचीही दारू प्यायली.

1884 साली, अठ्ठावीस वर्षांचा असताना, एका शनिवारी त्याच्या खिशात दमडी नव्हती. आजवर ज्यांना त्याने पाजले ते सोबती आज आपल्याला पाजतील, म्हणून तो गुत्त्याबाहेर उभा राहिला. कोणी विचारले नाही. तो घरी गेला आणि दारू सोडण्याची शपथ घेणार असल्याचे आईला सांगितले. पाळायची असेल तरच घे, असे आईने बजावले. त्याने प्रायश्चित्त संस्कार घेतला आणि तीन महिन्यांची शपथ घेतली. जन्मभराची घेण्याचे धाडस त्याला झाले नाही.

ते तीन महिने फार जड गेले. संध्याकाळी काम सुटले की पाय गुत्त्याकडे वळत. तेव्हा तो मुद्दाम देवळात जाऊन बसे. पहाटे मिस्सा आणि मग लाकडाच्या वखारीत मजुरी, असा त्याचा क्रम झाला. शपथेची मुदत वाढत वाढत जन्मभराची झाली. गुत्त्यांची उधारी त्याने फेडली. व्हायोलिनवाल्याला त्याने पुष्कळ शोधले. तो सापडला नाही, तेव्हा त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करविल्या. एकेचाळीस वर्षे त्याने दारूला स्पर्श केला नाही. 7 जून 1925 रोजी, पवित्र त्रैक्याच्या सणादिवशी, मिस्साला जाताना तो रस्त्यात कोसळला आणि देवाघरी गेला. 1975 साली पोप सहावे पॉल ह्यांनी ह्या मजुराला ‘वंदनीय’ घोषित केले.

मॅटची तहान प्रार्थनेने एका रात्रीत नाहीशी झाली नाही, हे आपण लक्षात घ्यावे. त्याला फक्त त्या दिवसापुरते बळ मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मागावे लागले. गेथसेमनी बागेत प्रभूने प्याला दूर व्हावा म्हणून विनवणी केली. प्याला दूर झाला नाही. तो पिण्याचे बळ मात्र मिळाले.

मग दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेचे काय? देव माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेत नाही. म्हणून वर्षानुवर्षे रोझरी म्हणणाऱ्या त्या माऊलीला आपण तारीख देऊ शकत नाही. पण तिची प्रार्थना वाया जात नाही. घरातला माणूस ज्या संध्याकाळी परत फिरेल, त्या संध्याकाळी त्याच्यासाठी दार उघडायला कोणीतरी जागे असेल. व्यसन हा आजारही आहे. त्यासाठी डॉक्टरांकडे जाणे ही श्रद्धेची उणीव नव्हे. तीही पेरणीच आहे.

ह्या आठवड्यात आपण एवढेच करू या. आपला सर्वांत कमकुवत तास कोणता, हे प्रत्येकाने ओळखावे: दारूचा, रागाचा, की निराशेचा. आणि तोच तास प्रभूला द्यावा. जन्मभराचे वचन नको. आजच्यापुरते पुरे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.