आम्हीही येतो

सामान्य काळातील तिसरा रविवार (वर्ष अ)
शुभवर्तमान : मत्तय ४:१२-२३



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू गालील सरोवराच्या काठाने चालला आहे आणि त्याला चार माणसे दिसतात. चौघेही मासे धरणारे. पण त्यांतला एकही एकटा नाही. आधी पेत्र आणि आंद्रिया हे दोघे भाऊ जाळे टाकताना दिसतात. पुढे याकोब आणि योहान, तेही भाऊच, बाप जब्दीबरोबर होडीत बसून जाळी सांधत आहेत. टाकायला दोघे, सांधायला तिघे. मत्तयने हे सहज लिहिले असेल. पण आपल्या मोताळ्याच्या माणसाला त्याचा अर्थ चटकन कळावा, कारण आपल्या उशाशी नळगंगेचे धरण आहे.

नळगंगा आपल्या तालुक्यात धरणाला अडते आणि पुढे मलकापूरवरून पूर्णेकडे जाते. वैनगंगेचे पाणी इथवर आणणाऱ्या नदीजोड प्रकल्पाला राज्य शासनाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. ते पाणी येईल तेव्हा येईल. आज जे पाणी आहे त्यावर शेती चालते आणि भोई समाजातल्या व इतरही काही घरांची चूल पेटते.

थंडीत हे पाणी वेगळे वागते. मासा मंदावतो. रोहू, कटला, मृगळ काठ सोडून खोल पाण्यात राहतात आणि खाणेही कमी करतात. काठावर गळ टाकून बसणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही, म्हणून त्याला आत जावेसे वाटते. त्यातच रब्बीच्या पाळ्या सुटल्या की पाणी मागे सरते आणि मधला गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून वाळलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत.

धरणावर एकटा गेलेला माणूस परत आला नाही, अशी बातमी आपल्याकडे अधूनमधून कानावर येते. गाव वेगळे असते, धरण वेगळे असते, पण घडते ते बरेचसे सारखे. माणूस पहाटे अंधारात निघतो. बायकोला उठवत नाही. तिची झोप मोडू नये एवढाच विचार. शेजाऱ्याला विचारत नाही, कारण दोघे गेले तर मासळीचे दोन वाटे होतात. (हे कोणी उघड बोलत नाही, पण खरे आहे.) ट्रकच्या ट्यूबमध्ये हवा भरलेली, नाहीतर थर्माकोलचा तराफा. जाळे ओढताना तोल जातो. थंड पाण्यात अंग पडल्याबरोबर श्वास दचकून आत ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जाते. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी वेगाने खेचून घेते. बराच वेळ गेला की बोटे वळत नाहीत. नायलॉनचे बारीक जाळे पायाला गुंडाळले तर जितके झटकावे तितके आवळते. पट्टीचा पोहणाराही तिथे हरतो. त्याला पोहता येत नव्हते म्हणून नव्हे, तर काठावर दोरी फेकायला कोणी नव्हते म्हणून. तो कुठे गेला हे घरी माहीत नसते, त्यामुळे शोध सुरू होईपर्यंत दुपार होते.

थंड मुलखात ट्राउट मासा धरायला हौसेने जाणाऱ्यांनाही जाणकार हेच सांगतात : घरी सांगून जा आणि शक्यतो एकटे जाऊ नका. अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या १९५२ च्या कादंबरीतला म्हातारा सान्तियागो एकटाच खोल समुद्रात जातो. पु. ल. देशपांडे यांनी ती ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली. म्हातारा जिद्दीने प्रचंड मासा धरतो आणि तो शार्क खाऊन टाकतात. लोकांना त्याची जिद्द आठवते. आपल्याला मात्र हे आठवावे की झुंज चालू असताना त्याला पुन्हा पुन्हा त्या पोराची, आपल्या सोबत्याची आठवण येते.

आता योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय पाहू. प्रभूचे मरण होऊन गेले आहे, तो उठला आहे, पण शिष्यांना पुढचे काही सुचत नाही. पेत्र म्हणतो की मी मासे धरायला निघालो. त्याचे मन कुठे होते ते आपण जाणतो. त्याने तीनदा प्रभूला नाकारले होते आणि त्याविषयी तो कोणाशी बोलल्याचे कुठे लिहिलेले नाही. तो एकटाच निघाला असता. पण तिथे आणखी सहा जण होते. त्यांनी त्याला उपदेश केला नाही, काय झाले असे विचारलेही नाही. आम्हीही येतो, एवढेच ते म्हणाले आणि होडीत चढले. त्या रात्री एकही मासा मिळाला नाही. तरी ती रात्र वाया गेली असे आम्हांला वाटत नाही.

पहाटे काठावर कोळशाचा विस्तव पेटलेला होता, त्यावर मासळी आणि शेजारी भाकर. योहानाने कोळशाच्या विस्तवाचा उल्लेख आणखी एकदाच केला आहे, अठराव्या अध्यायात. त्या रात्री थंडी होती असे तो मुद्दाम सांगतो. प्रमुख याजकाच्या अंगणात नोकर शेकत होते आणि पेत्र त्यांच्यात उभा होता. भोवती माणसे असून एकटा, आणि तिथेच तो प्रभूला ओळखत नाही म्हणाला. पहिला विस्तव परक्यांनी पेटवला होता, दुसरा प्रभूने स्वतः.

बंधुभगिनींनो, हे आपल्या जिल्ह्यासाठी नुसते पाण्याचे बोलणे नाही. २००६ मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत आपला बुलडाणा होता. कर्ज, पडलेला कपाशीचा भाव, मुलीचे लग्न. कारणे आपल्याला तोंडपाठ आहेत. या बाबतीतही माणूस पहाटे कोणाला न उठवता निघतो. घरच्यांना ताप नको म्हणून. देवळात तो शेवटच्या बाकावर बसतो, शांतीचा नमस्कार करतो आणि कसे काय म्हटले की बरे आहे म्हणतो. बरे आहे हे उत्तर ऐकून आपण पुढे सरकतो. पुरुषाने आपले दुःख आपल्यापाशी ठेवावे ही समजूत आपल्याकडे मर्दपणाची मानली जाते. शुभवर्तमानात तिला कुठेच आधार नाही. प्रभूने शिष्यांना गावोगाव पाठवले तेही दोघादोघांना.

आजचे दुसरे वाचन करिंथच्या ख्रिस्तसभेतील भांडणाविषयी आहे. पौल तिथे नव्हता. त्याला कळले कसे? ख्लोवेच्या घरच्या माणसांनी सांगितले. घरची गोष्ट बाहेर नको असे म्हणून ती गप्प बसली असती, तर हे वाचनही आज आपल्यापुढे नसते. ज्याच्या घरात कोणी अबोल झाले आहे, रात्री झोपत नाही, त्या घरच्यांनी फादरांना सांगावे, सिस्टरांना सांगावे, निदान शेजाऱ्याला सांगावे.

मिस्सा झाल्यावर आवारात चहा घेऊ. गेले दोन-तीन रविवार कोण दिसले नाही, ते तिथेच एकमेकांना विचारावे आणि आजच संध्याकाळी त्याच्या घरी जावे. जाताना दोघांनी जावे.