अदृश्य सभेंतील शिष्टाचार

सभेंत कसें बोलावें हें आमच्या पिढीस कोणीं मुद्दाम शिकविलें नाहीं; श्रोत्यांच्या मुद्रा पाहून आम्ही तें शिकलों. पुढच्या रांगेंतील वृद्ध गृहस्थ चष्मा पुसूं लागले कीं आपलें भाषण लांबलें हें वक्त्यास उमजे. कोपऱ्यांतील कोणी कांहीं बोलूं पाहत असे, तेंही अध्यक्षांच्या नजरेस येई. आतां जिला मुद्राच नाहीं अशी सभा घरोघरीं भरूं लागली आहे. करोनाच्या टाळेबंदीच्या काळांत 'क्लबहाउस'चा बोलबाला झाला. इ. स. २०२१ च्या मे महिन्यांत तें अँड्रॉइड फोनांवर आलें, आणि ज्या शहरास तेव्हां औरंगाबाद म्हणत त्या आमच्या छत्रपति संभाजीनगरांतील प्राध्यापक, परभणीचा विद्यार्थी व दुबईंतील मराठी अभियंता एकाच दालनांत केवळ आवाजानें एकत्र येऊं लागले. ती पहिली लाट ओसरली. परंतु अशा सभा अजून भरतात, आणि त्यांतील शिष्टाचाराचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं.

वाचक म्हणतील, 'यांत प्रश्न तो कसला? बोलावयाचें नसेल तेव्हां माइक बंद ठेवावा, पाळी येईपर्यंत थांबावें, थोडक्यांत बोलावें, झालें!' हे नियम योग्यच आहेत. आपल्या कुकरची शिटी शंभर जणांच्या कानीं घालणें हें असभ्यच. पण सारे नियम पाळूनही माणूस असभ्य राहूं शकतो, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों.

समोरासमोरच्या बोलण्यांत एकाचें वाक्य संपून दुसऱ्याचें सुरू होण्यास किती वेळ लागतो? इ. स. २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या दहा भाषांच्या एका तौलनिक अभ्यासांत हें अंतर सरासरीनें सेकंदाच्या सुमारें पांचव्या हिश्शाइतकें आढळलें. एवढ्या सूक्ष्म तालावर आपला कान वाढलेला असतो. फोनवरील आवाज मात्र लहान लहान तुकडे होऊन येतो. ते उशिरा आले किंवा वाटेंत हरवले कीं हा ताल बिघडतो. विचार करणाऱ्याचें मौन, भित्र्याचें मौन आणि रेंज गेलेल्याचें मौन, हीं तिन्ही मौनें कानास एकसारखींच लागतात. त्यांतील भेद पूर्वीं चेहरा सांगत असे. आतां तो आपल्या विवेकानें ओळखावयाचा आहे.

एका रात्रीं 'मातृभाषेंतून उच्च शिक्षण' या विषयावरील अशा चर्चेचें यजमानपद आमच्याकडे होतें. वैजापूरकडील एका खेड्यांतून आमचा एक विद्यार्थी माइकवर आला व दोन वाक्यें बोलून थांबला. आम्हीं क्षणभर वाट पाहिली, 'छान, धन्यवाद' म्हटलें, त्याचा माइक बंद केला आणि एका अस्खलित बोलणाऱ्या सहकाऱ्यांस पाचारण केलें. चर्चा रंगली. दुसऱ्या दिवशीं महाविद्यालयाच्या जिन्यावर तो भेटला. म्हणाला, "सर, माझं संपलं नव्हतं, रेंज गेली होती. पण पुढं चर्चा चांगली चालली होती, म्हणून परत हात वर केला नाही." इंग्रजींतून नीट न कळल्यामुळें त्याचा रसायनशास्त्राचा विषय दोनदां राहिला होता, तें त्याला सांगावयाचें होतें. त्या रात्रीं बोललेल्या मंडळींत हा प्रश्न स्वतः भोगलेला असा तोच एकटा. आणि त्यालाच आम्हीं धन्यवाद देऊन गप्प केलें! आमच्या वागण्यांत नियमभंग कोठेंच नव्हता. होती ती घाई, आणि जो अस्खलित बोलतो तोच विचार करतो हा जुना समज.

डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें इ. स. १९५० मध्यें आमच्या शहरांत काढलेल्या महाविद्यालयास पुढें 'मिलिंद' हें नांव मिळालें. त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. या नांवांमागें 'मिलिंदपञ्ह' हा पाली ग्रंथ आहे. यवन राजा मिलिंद चर्चेस आला तेव्हां भिक्षु नागसेनानें आधीं अट घातली कीं, पंडितांच्या रीतीनें बोलणार असाल तर बोलूं, राजांच्या रीतीनें नव्हे. पंडितांच्या वादांत चूक दाखविली तरी कोणी रागावत नाहीं. राजा मात्र आपलें म्हणणें न मानणाऱ्यास दंड फर्मावतो. मिलिंदानें पंडितांची रीति पत्करली. नागसेनवनावरून आम्ही कितीदां तरी गेलों आहों. पण ही अट सभेच्या यजमानासही लागू आहे, हें त्या जिन्यावर उमगलें. दुसऱ्याचा आवाज अंगठ्याच्या दाबानें बंद करण्याची सत्ता हा लहानसा राजदंडच होय. शिवीगाळ करणाऱ्यावर तो अवश्य चालवावा. सभेचें रक्षण हें यजमानाचें कर्तव्यच आहे. परंतु आपल्या सोयीसाठीं किंवा न पटणारें मत टाळण्यासाठीं तो उचलला, तर गोड शब्दांनीं त्याचें दंडपण जात नाहीं.

तेव्हांपासून आम्हीं एक साधी संवय लावून घेतली आहे. आवाज थांबला कीं मनांत पांचपर्यंत मोजावयाचें, आणि मग नांव घेऊन विचारावयाचें, 'आपलें झालें का?' शंभर जणांचे पांच सेकंद फुकट गेले असें कोणास वाटेल, वाटो.

पुढच्या सभेंत आम्हीं झाल्या गोष्टीबद्दल सर्वांसमक्ष क्षमा मागितली व पहिला माइक त्या विद्यार्थ्यास दिला. तो अडखळत, थांबत, बराच वेळ बोलला. मराठी परिभाषेविषयींची त्याची सूचना आम्हांस पटली नाहीं, आणि तसें आम्हीं सांगितलेंही. पण या खेपेस तें सांगण्यापूर्वीं त्याचें म्हणणें पुरतें ऐकून झालें होतें.