पापातला पाव हिस्सा

भर सभेत द्रौपदी प्रश्न विचारते आणि मोठमोठे धर्मज्ञ खाली बघत बसतात. तेव्हा विदुर प्रल्हादाची जुनी कथा सांगून पापाचा हिशेब मांडतो. निंद्य कृत्याची सभेत कुणी निंदा केली नाही, तर अर्धं पाप सभेच्या प्रमुखाला लागतं, पाव करणाऱ्याला आणि पाव गप्प बसणाऱ्यांना. करणाऱ्याला फक्त पाव! वाटणी विचित्र वाटते, पण शाळेच्या मैदानावर उभं राहिलं की पटू लागते.

टोरांटोतल्या संशोधकांनी मैदानावरच्या दादागिरीचं चित्रीकरण तपासलं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, भोवतालच्या मुलांचा ५४ टक्के वेळ नुसतं बघण्यात गेला होता, २१ टक्के वेळ दांडगटाचं अनुकरण करण्यात आणि २५ टक्के पीडिताची बाजू घेण्यात.

बघणं निरुपद्रवी नसतं, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी आधीच दाखवलं होतं. मोठ्या माणसाने बाहुलीला बडवलेलं पाहिलं की मुलंही तिला बडवत. १९६५ च्या प्रयोगात काही मुलांनी त्या माणसाला शिक्षा झालेली पाहिली. त्यांनी नक्कल कमी केली. मग ‘पाहिलेलं करून दाखवा’ म्हणत बक्षीस देऊ केलं, तेव्हा त्यांनाही इतरांइतकंच येत होतं! शिक्षेने हात आवरला होता, धडा पुसला नव्हता. वर्गात हे बक्षीस म्हणजे मागच्या बाकांवरचं हसू.

सद्सद्विवेक झोपवायच्या युक्त्याही बांडुरांनी नोंदवल्या: ‘गंमत केली’, ‘तो आहेच तसा’, ‘सगळेच करत होते’. शेवटची युक्ती विदुराला अडचणीची. पाप वाटलं की प्रत्येकाला हलकंच वाटणार ना? पण त्याचा हिशेब तिथे संपत नाही. निंदा झाली, की प्रमुख आणि सभासद सुटतात. सगळं पाप करणाऱ्याच्या माथी जातं. गप्प बसणारे त्याचा भार उचलतात, एवढंच विदुर म्हणतो.

प्रमुखाचा अर्धा वाटा महाराष्ट्राने कायद्यात जवळजवळ उतरवला आहे. १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यानुसार तक्रारीकडे दुर्लक्ष करणारा संस्थाप्रमुख गुन्ह्याला साथ देणारा ठरतो. प्रेक्षकांचं काय, हा प्रश्न उरतोच.

द्रौपदीच्या त्या सभेत कौरवांपैकीच एक, विकर्ण, बोलला होता. कर्णाने त्याला पोरसवदा ठरवून गप्प केलं. एकट्याचं धाडस असं वाया जातं, म्हणून ‘बोला रे’ एवढा उपदेश पुरत नाही. आपल्याला जमेल हा विश्वास लागतो, आणि बांडुरांच्या मते तो मुख्यतः करून पाहण्यातून येतो. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात क्रिस्तिना साल्मिवाल्ली यांच्या नेतृत्वाखाली घडलेला ‘किवा’ कार्यक्रम २००९ पासून देशभर पसरला. त्यात मुलं मध्ये पडण्याचा सराव वर्गातच करतात. छळ उघड झाला की शिक्षक दांडगटाशी बोलतात आणि वर्गात वजन असलेल्या दोन-चार मुलांना स्वतंत्रपणे बोलावून पीडिताला सोबत करायला सांगतात. विकर्णाला असे दोघे जरी मिळाले असते, तर कर्णाला त्याच्या वयावर बोट ठेवून भागलं नसतं.