कष्ट, कलम आणि बांडगूळ

इंग्रजी बोलीभाषेत ‘ग्राफ्ट’ असा एक शब्द आहे. इंग्लंडात त्याचा अर्थ अंगमेहनत, काबाडकष्ट. आणि कोशकार त्याचा संबंध खणण्याशी जोडतात. अमेरिकेत मात्र त्याच शब्दाने अधिकाराच्या जागेवरून उकळलेला पैसा दर्शविला जातो. वर्गात हे सांगितले तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, घाम आणि लाच एका शब्दात नांदतात कशी?”

आपणांस हसावयाचे कारण नाही. घामाने मिळते ती आपली कमाई, आणि टेबलाखालून येते ती वरकमाई!

आमचे जळगाव जामोद सातपुड्याच्या पायथ्याशी आहे; दुष्काळ म्हणजे काय हे या मुलखास सांगावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे खडी फोडावयास गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम मिळावे, हा त्याचा गाभा. परंतु ज्या हजेरीपटावर खऱ्या मजुराचा अंगठा उमटे, त्याच हजेरीपटावर खोटी नावेही चढत, अशा तक्रारी ठिकठिकाणी झाल्या. ग्राफ्टचे दोन्ही अर्थ एकाच कागदावर!

खोटी नावे लिहिणाराही काही आळशी नसतो. हिशेब जुळवावयास त्यालाही रात्री जागाव्या लागतात. मग कष्ट हाच सद्गुण, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? कष्टांचे मोल केवळ त्यांच्या परिमाणावरून ठरत नाही, हे मान्य करावयासच हवे.

भेद कोठे आहे हे ग्राफ्टचा तिसरा अर्थ सांगतो: झाडावर बांधलेले कलम. तो अर्थ ग्रीक भाषेतील लेखणीवाचक शब्दातून आला. आणि मौज ही की, आपल्या ‘कलम’ शब्दाचाही मूळ अर्थ लेखणीच. आंब्याचे कलम परक्या मुळांवर जगते खरे. पण त्याची पाने उन्हात अन्न तयार करून त्या मुळांस पोसतात. बांडगूळही त्याच आंब्यावर हिरवेगार दिसते. ते झाडाचा रस घेते, मुळांस मात्र काही देत नाही. दुरून पाहणाऱ्यास दोन्ही पालवीच वाटतात.

त्या विद्यार्थ्यास मी एवढेच उत्तर दिले. घरी आल्यावर मात्र तोच प्रश्न माझ्याकडे वळला. मी आयुष्यभर लेखणीवर जगलो. माती खणली ती दुसऱ्यांनी. त्या मुळांकडे माझ्याकडून काय परत गेले? विद्यार्थ्याचा प्रश्न शब्दाचा होता. हा हिशेबाचा आहे, आणि तो ज्याचा त्यानेच द्यावयाचा असतो.